निळ्या पाण्याच्या बाटल्या

फिदेन्सियो न्हाव्याच्या दुकानात खुर्ची एकच होती, आणि तिच्यात बसणाऱ्याला तोंड उघडायची सोय नव्हती. गळ्याला पांढरं कापड, गालांना फेस, कानाशी वस्तरा. अशा वेळी शहाणा माणूस ऐकून घेतो. पाण्याच्या टाकीच्या बोळातले आजे, बाप आणि लेक असेच ऐकत आले होते. न्हाव्याचा उकिरडा कितीही उकरला तरी केसच निघायचे म्हणतात, पण फिदेन्सियोच्या उकिरड्यातून केसांपेक्षा मतंच जास्त निघत. मिरची किती भाजावी, जावयाला कुठं बसवावं, पाद्र्यानं प्रवचन कुठं आवरावं, सगळ्यावर मास्तरांचं, म्हणजे फिदेन्सियोचं, मत तयार. आणि या सगळ्या मतांचा मुकुटमणी एकच होता: माणसाची लायकी त्याच्या उंबरठ्यावरून कळते.

हे मत त्याला फुकट मिळालेलं नव्हतं. पाचुका शहरातल्या आमच्या टेकडीवरच्या निम्म्या घरांसारखा त्याचा बापही खाणीत होता. संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा डोळे तेवढे बापाचे असायचे, बाकी सगळी खाण. खोकून खोकून तो गेला, आणि आईनं पुढचं आयुष्य ती एक खोली पुसत काढलं. तेव्हाच पोरानं ठरवलं, आपण पांढऱ्या कोटात काम करायचं. बाजारातल्या एका म्हाताऱ्या न्हाव्याकडं केस झाडत झाडत तो शिकला, मग घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं दुकान टाकलं. चेलोशी लग्न केलं, नोएमी झाली, नोएमी शिकून केरेतारोला दवाखान्यात नोकरीला लागली, चेलो वारली. पांढरा कोट मात्र रोज सकाळी इस्त्रीचा. आणि दुकान उघडायच्या आधी उंबरठा घासायचा, तो असा की त्यावर तोर्तिया, आमची मक्याची भाकरी, ठेवून खावी.

बाटल्यांचं शास्त्र त्याला कुठल्याशा गिऱ्हाइकानं सांगितलं. दारापुढं पाणी भरलेली बाटली ठेवली की कुत्र्याला तिच्यात स्वतःचं तोंड दिसतं, ते बिचकतं आणि तिथं पाय वर करत नाही. आठवड्याभरात ते फिदेन्सियोचं स्वतःचं शास्त्र झालं. त्यानं त्यात नीळ घालून सुधारणाही केली. निळ्या पाण्यात म्हणे तोंड जास्त भेसूर दिसतं. खुर्चीत बसलेल्यांना त्यानं ते पटवलं, आणि वस्तरा गळ्याशी असताना पटायला वेळ लागत नाही. बघता बघता बोळाच्या पायऱ्यांवर, जवळजवळ प्रत्येक दाराशी, एकेक निळी बाटली उभी राहिली. कुत्री बिचकत होती का? कोण बघायला बसलंय! पण बोळ दिसायला एकसारखा झाला, आणि मास्तरांना तेवढं पुरे होतं.

फक्त शेजारच्या एर्लिंदाचा कुत्रा त्या शास्त्राला भीक घालत नव्हता. काळा, म्हातारा, मागचे पाय ओढत चालणारा. त्याला लघवी धरवायचीच नाही. दारातून बाहेर पडला की पहिल्या पायरीवर, नाहीतर दुसरीवर, आणि बऱ्याचदा नेमकं मास्तरांच्या उंबरठ्यावर.

एर्लिंदा शाळेचे गणवेश शिवते. नोएमीच्या बाप्तिस्म्याला पोरीला धर्ममाता म्हणून हातावर धरलं होतं ते तिनंच, त्यामुळं फिदेन्सियो तिचा कोंपाद्रे आणि ती त्याची कोमाद्रे. आमच्याकडं हे नातं रक्ताच्या वर मानतात. एकदा जोडलं की मरेपर्यंत त्यात भांडण घालायचं नाही. तरी फिदेन्सियोनं एका रविवारी सगळ्या बोळाला नळाजवळच्या देवीच्या कोनाड्याशी जमवलं आणि तिच्या तोंडावर म्हणाला, "कोमाद्रे, राग मानू नका. पण तुमच्या त्या जनावरानं बोळाची मोरी करून टाकलीय. आपण एक नियम करू. ज्याचा कुत्रा पायऱ्या घाण करील, त्यानं तो बोळातून काढायचा. उद्या माझा असला तर मीही काढीन."

शेवटचं वाक्य त्याला फार आवडलं होतं. स्वतःचा कुत्रा नसलेल्या माणसाला असली वाक्यं सहज सुचतात.

हात वर झाले. हसलं कोणी नाही, एर्लिंदाच्या बाजूनंही बोललं कोणी नाही. तिनं कुत्रा भावाकडं दिला, लांब मक्याच्या शेतावर. तिथून तो घर शोधायला निघाला आणि कोणाला सापडला नाही. एर्लिंदा दोनदा जाऊन रस्ते तुडवून आली. ती परत आली त्या दिवशी तिच्या दाराशीही एक निळी बाटली उभी होती. मास्तरांनी स्वतःच्या हातानं ठेवली होती, भलेपणानं. त्या दिवसापासून ती त्याला कोंपाद्रे म्हणायची बंद झाली. "कसे आहात, शेजारी?" एवढंच. शेजारी म्हणणं काही शिवी नव्हे, पण तिच्या तोंडून ते ऐकलं की फिदेन्सियोला वाटायचं आपण हिच्या घरात भाड्यानं राहतोय.

या गोष्टीला दोन वर्षं झाली आणि नोएमी सुट्टीला आली. स्वेटरच्या पुढं पोट आल्यासारखं काहीतरी होतं, आणि ते हलत होतं.

"बाबा, तोर्तियावाली क्रूस सांगत होती, तुम्ही रिकाम्या खुर्चीशी बोलत बसता."

"खुर्ची उलट उत्तर देत नाही."

"हीपण नाही देणार," असं म्हणून तिनं स्वेटरातून पिल्लू काढून त्याच्या पांढऱ्या कोटावर ठेवलं. पिल्लानं तिथंच पहिला नमस्कार केला. कोट ओला झाला.

"घेऊन जा. आत्ताच्या आत्ता घेऊन जा!"

"बस सकाळची आहे. आजची रात्र ठेवा."

सकाळी नोएमी गेली, पिल्लू राहिलं. तांबडं, मुठीएवढं, एक कान उभा आणि एक विचारात पडलेला. सारखं उड्या मारायचं म्हणून त्यानं तिचं नाव पुल्गा ठेवलं, म्हणजे पिसू. दोन दिवस तो तिच्यावर खेकसला. तिसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकानं बघितलं, मास्तर एका हातानं दाढी करताहेत आणि दुसऱ्या हातानं कोटाच्या खिशातलं काहीतरी थोपटताहेत.

प्रेमानं मोरीचा प्रश्न सुटत नाही. पुल्गानं खुर्चीखाली केलं, आरशाखाली केलं, गिऱ्हाइकाच्या बुटात केलं. फिदेन्सियोनं आपलं शास्त्र काढलं. दुकानाच्या कोपऱ्याकोपऱ्यात निळ्या बाटल्या ठेवल्या. पुल्गानं बाटलीत स्वतःचं तोंड बघितलं, शेपटी हलवली, तिला चाटलं आणि तिला पाठ टेकून झोपली. दुसरा कोणी असता तर शास्त्रावरचा विश्वास उडाला असता. मास्तरांनी मनाशी म्हटलं, लहान आहे, अजून भीती कळत नाही.

मग त्यानं मागच्या अंगणात वर्तमानपत्र अंथरायला सुरुवात केली. पण आमच्या टेकडीवरचा वारा म्हणजे घरजावई, दिसेल ते आपलं समजतो. कागद उडाले. एक कोरडा होता तो टाकीवर जाऊन बसला, एक ओला होता तो गॅसवाल्या चोनच्या वाळत घातलेल्या चादरीला चिकटला, आणि चोननं त्यावरून जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. तेव्हा फिदेन्सियोनं दुकानातल्या त्याच बाटल्या उचलून आणल्या आणि कागदाच्या चारी कोपऱ्यांवर ठेवल्या. कागद जागचा हलेना. जेवण झालं की पुल्गाला उचलायचं, बाटल्यांच्या मधे ठेवायचं आणि वाट बघायची. तिचं झालं की खिशातून पास्तेचा तुकडा काढून द्यायचा, खिमा-बटाटा भरलेल्या त्या भाजक्या करंजीची खरपूस कड, आणि म्हणायचं, "शाब्बास गं माझी बाय!"

पोर हुशार निघाली. थोड्याच दिवसांत ती स्वतःहून अंगणात धावायची, बाटलीला अगदी चिकटून बसायची, आणि झालं की मान वळवून मास्तरांच्या खिशाकडं बघायची. दुकान पुन्हा आरशासारखं झालं. फिदेन्सियोची छाती अशी फुगली की कोटाची बटणं लागेनात.

झालं, खुर्चीतल्या गिऱ्हाइकांना नवं प्रवचन सुरू. "कुत्रं घाण करतं ते कुत्र्याचं पाप नाही, मालकाचं आहे. शिकवायला कष्ट पडतात ना! लोकांना कुत्रं पाहिजे, कष्ट नको. माझी पुल्गा बघा. बाईमाणसाइतकी स्वच्छ!" दार उघडं होतं. पलीकडं एर्लिंदाचं शिवणयंत्र चालू होतं, ते मधेच थांबलं आणि पुन्हा चालू झालं. फिदेन्सियोनं ते ऐकलं. ऐकूनही त्यानं पुढचं वाक्य जरा मोठ्यानंच म्हटलं, हे खरं.

त्या रविवारी त्यानं पुल्गाला पहिल्यांदा बोळात काढायचं ठरवलं. वेळ मुद्दाम प्रार्थनेला निघायच्या आधीची निवडली, सगळे पायऱ्यांवर असतात म्हणून. नवी लाल दोरी, इस्त्रीचा शर्ट, डोक्याला हॅट. चोन दारात बसून बूट पुसत होता. क्रूस, तोर्तियाच्या दुकानाची मालकीण, पायरीवर पाणी मारून झाडत होती.

"काय मास्तर, सून फिरायला काढली?" चोन ओरडला.

"बघून घे," फिदेन्सियो म्हणाला. "शिक्षण काय असतं ते बघून घे."

चोननं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. पुल्गा दाराबाहेर आली, तिनं समोर पायऱ्यांवर नजर टाकली, आणि तिला काय दिसलं असेल? वरपासून खालपर्यंत, प्रत्येक दाराशी, एकेक निळी बाटली! अख्खा बोळ तिच्यासाठी मांडून ठेवलेला. ती आनंदानं चोनच्या दाराशी धावली, बाटलीला चिकटून अगदी सभ्यपणे खाली बसली, काम उरकलं, आणि मान वळवून मास्तरांच्या खिशाकडं बघायला लागली.

क्षणभर कोणाला काही कळेना. मास्तरांनी दोरी ओढली. "पहिल्यांदा बाहेर आलीय, घाबरलीय," ते म्हणाले. घाबरलेली पुल्गा क्रूसच्या दाराशी गेली. तिथं थोडंसं. पुढच्या दाराशी आणखी थोडं. आणि दरवेळी काम झालं की मागं वळून तोच प्रश्न: माझा तुकडा?

"अरे, ही बाटल्या मोजतेय!" चोन पोट धरून म्हणाला. "मास्तर, तुमच्या बाटल्यांनी आमच्या दारांवर पाट्याच लावल्या की! इथं बसावे म्हणून!"

क्रूसनं झाडू टेकवला आणि एप्रनच्या टोकानं डोळे पुसले. "अहो, ती बक्षीस मागतेय, द्या ना तिला!"

सगळा बोळ हसत होता. फिदेन्सियोच्या कानाच्या पाळ्या तापल्या. घरी परतायचं तर एकच वाट, एर्लिंदाच्या दारावरून. त्यानं पुल्गाला उचलायला हात घातला तोवर ती तिथं पोचलीही होती. एर्लिंदाच्या दाराशी, त्यानं स्वतःच्या हातानं ठेवलेल्या बाटलीशी, ती बसली. दोन-चार थेंब उरले असतील, तेवढे तिनं तिथं दिले. दार उघडं होतं. एर्लिंदा झाडू घेऊन उभी होती.

पुल्गानं मान वळवून बघितलं, आणि फिदेन्सियोनं दोरीचं टोक तिच्या पाठीवर ओढलं. एकदा नाही, दोनदा.

हसणं थांबलं. पिल्लू ओरडलंही नाही, नुसतं जमिनीला चिकटलं.

"तिला कशाला मारता, शेजारी?" एर्लिंदा म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुम्ही शिकवलंत तेच तिनं केलं. मी गच्चीवर कपडे वाळत घालते, मला तुमचं अंगण दिसतं. बाटलीशी बसली की तुकडा. मी रोज बघत होते."

"मग... सांगायचं नाही का, कोमाद्रे?"

"तुम्हाला? तुम्हाला कधी कोणी काही सांगितलंय?"

तिनं आतून बादली आणली, पायरीवर पाणी ओतलं. चोनला ती शांतता सोसेना. तो आपला चेष्टेच्या सुरात म्हणाला, "मास्तर, नियमाचं काय? तुमचाच नियम. उद्या माझा असला तर मीही काढीन, म्हणाला होतात!"

"सोड रे," क्रूस म्हणाली. "लहान पिल्लू आहे. शिकेल."

"हो हो, पिल्लाला कसला नियम," आणखी कोणी म्हणालं. जो तो हेच म्हणायला लागला. किती सहज! दोन मिनिटांत अख्ख्या बोळानं मास्तरांना माफ करून टाकलं, हसत हसत, आणि मधे उभी राहून एर्लिंदा पायरी घासत होती. तिच्या वेळी कोणी म्हणालं नव्हतं की म्हातारं कुत्रं आहे, किती दिवसांचा सोबती. हे फिदेन्सियोच्या लक्षात आलं. बोळाच्याही आलं असावं, कारण बोलणं एकाएकी अडखळलं आणि क्रूस झाडूकडं बघत म्हणाली, "तरी... एर्लिंदा म्हणेल तसं. नियम तिच्यावर झाला होता. ती ठेव म्हणाली तर ठेवा, मास्तर, नाही म्हणाली तर काढा."

एर्लिंदानं झाडू आत टाकला. तिनं बादली उचलली आणि दार लावून घेतलं.

त्या दिवशी पुल्गा मास्तरांच्या जवळ आली नाही. अंगणातल्या कागदाकडं गेली नाही. फिदेन्सियो पास्तेचा तुकडा घेऊन बोलवायला गेला, तर आरशाखाली सरकली आणि भीतीनं तिथंच तिचं झालं. त्यानं गुडघे टेकून ते पुसलं. पुसताना वर आरशात नजर गेली. सगळ्यांची तोंडं ज्या आरशात त्यानं नीटनेटकी केली, त्यात त्याला स्वतःचं तोंड बघवेना. ज्या जिवाला आपण शिकवलं, त्या जिवाला शिकल्याबद्दल मारलं. आणि मारलं ते तिच्या चुकीसाठी नाही, लोक हसले म्हणून. लाज असते हे त्याला माहीत होतं, दुसऱ्यांना ती वाटावी म्हणून त्यानं काही कमी कष्ट घेतले नव्हते. ती आपल्यालाही वाटू शकते हे मात्र त्याला नवीन होतं.

पिल्लू आता जाऊ द्यायचं? नोएमीला काय सांगायचं? आणि नोएमीचं राहू दे, संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर या घरात हालचाल कोणाची असणार? दुसऱ्या दिवशी त्यानं दुकान उघडलं नाही. कोट न घालताच तो पुल्गाला काखेत घेऊन एर्लिंदाच्या दाराशी गेला.

शिवणयंत्र थांबलं. दार उघडलं.

"कोमाद्रे, मी आलो होतो ते..."

"माहीत आहे. पिल्लाचं."

"तुम्ही एक शब्द टाकलात तर हिला राहता येईल. मी बाटल्या उचलतो, कागद उचलतो, नव्यानं शिकवतो. आणि मला तुमच्या त्या कुत्र्याबद्दलही बोलायचं होतं. खरंच सांगतो, रात्रभर तेच... तुमचा तो..."

एर्लिंदा वाट बघत होती.

"कोण?"

"तुमचा कुत्रा. तो काळा."

"त्याला नाव नव्हतं का?"

फिदेन्सियोनं तोंड उघडलं. त्यानं सगळं डोकं धुंडाळलं. ते जनावर, ते धूड, ते म्हातारडं, ती बोळाची मोरी; हे सगळं सापडलं. एका भिंतीपलीकडं तो प्राणी पिल्लाचा म्हातारा झाला होता, आणि भिंतीच्या या बाजूला त्याचं नाव नव्हतं.

एर्लिंदाचा चेहरा रागावलेला नव्हता. रागावलेला असता तर बरं झालं असतं. "त्याचं नाव सांगा," ती म्हणाली. "मग तुमच्या पिल्लाचं बोलू."

दार लागलं.

नोएमीला फोन लावावा, असं पहिल्यांदा मनात आलं. तिला माहीत असणार, लहानपणी ती दिवसभर त्या घरात असायची. पण लेकीला काय विचारायचं? तुझ्या धर्ममातेचा कुत्रा मी घालवला, त्याचं नाव काय गं? त्यानं फोन खिशात घातला आणि पायऱ्या उतरून क्रूसच्या दुकानाकडं निघाला. दुपार कलल्यावर तिथं गर्दी नसते, हळूच कानात विचारू, असा हिशेब होता.

गर्दी होती. बायका हातात फडकी घेऊन रांगेत उभ्या, चोनही होता. यंत्रातून गरम तोर्तिया धडाधड पडत होत्या. मास्तरांना बघून रांगेत खसखस पिकली. तो सरळ पुढं गेला आणि क्रूसच्या कानाशी वाकून पुटपुटला.

"काय?" क्रूस म्हणाली.

तो पुन्हा पुटपुटला.

"मोठ्यानं बोला मास्तर, यंत्राचा आवाज आहे!"

"एर्लिंदाच्या कुत्र्याचं!" फिदेन्सियो ओरडला. "एर्लिंदाच्या कुत्र्याचं नाव काय होतं?"

क्रूसनं खटका दाबला. यंत्र थांबलं. रांगेतली खसखसही थांबली. चोननं पायातल्या बुटांकडं बघितलं.

"तुम्हाला माहीत नाही?" क्रूस म्हणाली.

"नाही."

"लुसेरो. कपाळावर पांढरा ठिपका होता ना, म्हणून चांदणीचं नाव." ती त्याच्याकडं अशी बघत होती की तिला त्याची कीव आली की चीड, हे कळेना. "मास्तर, ते नाव तुमच्या चेलोनं ठेवलं होतं. रोज दुपारी तुमच्याच स्वयंपाकघराच्या दारातून ती त्याला हाडं टाकायला हाक मारायची. लुसेरोऽऽ! अख्ख्या बोळाला ऐकू यायचं."

फिदेन्सियोला ते ऐकू आलं. आत्ता आलं. वर्षानुवर्षं, दुपारच्या वेळी, मागच्या दारातून येणारा तो लांबवलेला आवाज. त्याला वाटायचं, बायको रेडिओबरोबर गातेय. एकदा त्यानं खुर्चीमागून ओरडून सांगितलंही होतं, "चेलो, जरा हळू! इथं गिऱ्हाईक आहे." आणि पुढचं मत सांगायला तो गिऱ्हाइकाकडं वळला होता.

रांगेतल्या कोणीतरी त्याला वाट करून दिली. तो पायऱ्या चढायला लागला. पुल्गा काखेत जड नव्हती, पण त्याला दोनदा थांबावं लागलं, आणि दुसऱ्यांदा थांबला तेव्हा तो भिंतीकडं तोंड करून रडला. चोननं ते खालून बघितलं आणि त्या दिवसापासून आजतागायत त्यावर एकही विनोद केलेला नाही.

एर्लिंदानं दार उघडलं.

"लुसेरो," फिदेन्सियो म्हणाला.

तिचा हात दाराच्या कडीवरच राहिला. तिच्या दारात उभं राहून त्या घराबाहेरच्या कोणी ते नाव दोन वर्षांत घेतलं नव्हतं.

"कोणी सांगितलं?"

"क्रूसनं. रांगेत. सगळ्यांसमोर विचारलं मी." त्यानं नाक पुसलं. "चेलोनं ठेवलेलं होतं. मला तेही माहीत नव्हतं, कोमाद्रे."

पुल्गा त्याच्या काखेतून घसरून खाली उतरली. तिनं उंबरठा हुंगला, एर्लिंदाच्या सपाता हुंगल्या. एर्लिंदानं एक पाय बाजूला घेतला, आणि पिल्लू त्या फटीतून आत, शिवणयंत्राखालच्या चिंध्यांच्या ढिगात जाऊन बसलं. फिदेन्सियो तिला पकडायला वाकला तर एर्लिंदानं हात आडवा केला.

"पिल्लाचं झालं," ती म्हणाली. "आता तुमचं बोला."